काचेतला समुद्र आणि त्याचं खातं

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना राहून गेलेले एक-दोन हिशेब त्यात जोडले आहेत.)



मागच्या महिन्यात इथे मधुमेहावर भाषण झालं, त्याच्या आदल्या महिन्यात मृत्युपत्रावर. म्हणून या वेळी कमिटीने मला सांगितलं, "काका, काहीतरी हलकं बोला. तुमच्या माशांवर बोला." मी लगेच हो म्हटलं. पण विषय वाटतो तितका हलका नाही. या माशांवरून आमच्या घरी तीन आठवडे अबोला होता, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माझी टाकी पाहिली आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात 160 लिटर पाणी. पाणी खारं आहे. गोड्या पाण्याचे गप्पी आणि गोल्डफिश पुष्कळांकडे असतात, पण खाऱ्या पाण्याचं वेड मला लहानपणी लागलं. शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेलं असतं. बाहेर समुद्र आणि आत काचेतही समुद्र, हे दृश्य डोक्यात बसलं ते बसलंच. नोकरीत बदल्या होत होत्या, तेव्हा शक्य नव्हतं. निवृत्तीनंतर पहिली खरेदी या टाकीची केली.

एक खुलासा आधीच करतो, कारण मुलं नेहमी विचारतात, "आजोबा, कोरल का नाही?" प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रघोडाही तसाच. मेलेला प्रवाळ घरात ठेवणंसुद्धा त्यात आलं. तेव्हा माझ्या टाकीतले दगड कारखान्यात केलेले, सच्छिद्र आहेत, आणि आत फक्त मासे. त्यातले क्लाउन, म्हणजे मुलांचे नीमो, आता समुद्रातून पकडावेच लागतात असं नाही, त्यांची पैदास करता येते. आपल्या जवळच ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठी जे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे हे काम चालतं. फ्लेमिंगो बघायच्या बोटी तिथूनच सुटतात, म्हणून काही जणांना ते ठाऊक असेल.

आता मुख्य विषय, नायट्रेट.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया निघतो. अमोनिया हे जालीम विष. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये, वाळूत, दगडांच्या छिद्रांत राहतात, आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर न धरता पहिल्याच आठवड्यात मासे आणून सोडणारे लोक पुढच्या आठवड्यात टाकी विकायला काढतात.

नायट्रेट त्या दोघांच्या मानाने सौम्य. त्यामुळेच त्याच्याकडे कोणी बघत नाही. खऱ्या समुद्रात शेवाळं आणि वनस्पती ते खातात, आणि जिथे प्राणवायू पोचत नाही अशा तळाच्या गाळात आणखी वेगळे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. खातं बंद. आपल्या टाकीत पाणी सतत खेळतं, सगळीकडे प्राणवायू पोचतो, म्हणून ही शेवटची पायरी जवळजवळ होतच नाही. नायट्रेट साठत जातं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जमा रोज होते आणि नावे टाकायला कोणी नाही.

किती असावं? समुद्रावर, किनाऱ्यापासून दूर, ते एक पीपीएमसुद्धा नसतं. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम समजा. नुसत्या माशांच्या टाकीत 20 पर्यंत असावं, 40 पर्यंत मासे निभावून नेतात. तुलनेसाठी सांगतो, आपल्या पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे 45 ची मर्यादा आहे. म्हणजे आपण बिनघोर पितो ते पाणी माझ्या माशांना नकोसं होऊ शकतं.

माझ्याकडे टेस्ट किट होतं. दर रविवारी मी पाणी तपासत होतो आणि वहीत नोंद करत होतो: 5, 5, 10, 5. वर्षभर. तपासणीला आलेला ऑडिटरसुद्धा खूश झाला असता.

मग मी दोन बटरफ्लाय मासे आणले. पिवळेधमक, फार देखणे. पहिला तिसऱ्या दिवशी गेला, दुसरा चौथ्या. माझे जुने मासे मात्र ठणठणीत. साहजिकच मी दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बाटलीत तुमचं पाणी घेऊन या." गेलो. त्याने माझ्यादेखत तपासलं आणि रंग आला गडद लाल. 80.

माझा विश्वासच बसेना. त्याने मला माझ्या हाताने पुन्हा करायला लावलं आणि थांबवलं. "ही दुसरी बाटली हलवली का?" मी म्हटलं, हलवली की. तो म्हणाला, "अशी नाही." त्या दुसऱ्या बाटलीतली पावडर तळाशी बसते. बाटली अर्धा मिनिट जोरात, खोकल्याच्या औषधाची हलवतो त्याच्या दसपट हलवायची, मग नळीत थेंब टाकून नळी पुन्हा मिनिटभर हलवायची. तरच खरा आकडा येतो. पत्रकात हे छापलेलं आहे. छत्तीस वर्षं लोकांना "सही करण्याआधी वाचा" असं सांगत आलो, आणि स्वतः ते पत्रक वाचलं नव्हतं. माझी शिल्लक वर्षभर खोटी होती.

जुने मासे का जगले? कारण नायट्रेट हळूहळू चढत गेलं आणि त्यांना सवय होत गेली. नव्याला एकदम 80 मध्ये सोडलं तर तो टिकत नाही. ज्यांच्या टाकीत जुने मासे बरे आणि नवे मरतात, त्यांनी दुकानदाराला फोन करण्याआधी नायट्रेट तपासावं. मी त्या माणसाची माफी मागितली. त्याने पैसे परत देऊ केले, ते अर्थात घेतले नाहीत.

इथे एक उपयोगाची गोष्ट. रंग फार गडद झाला की 80 आणि 160 मधला फरक डोळ्यांना कळत नाही, आमच्या वयात तर नाहीच. अशा वेळी एक भाग टाकीचं पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून तपासायचं आणि उत्तराला चारने गुणायचं.

आता हिशेब. मी दर रविवारी एक बादली, म्हणजे 16 लिटर, म्हणजे दहा टक्के पाणी बदलत होतो. नियमित. तरी 80 कसं झालं? मी कागद घेऊन बसलो. पुढचे दोन रविवार नीट तपासलं तेव्हा दिसलं की आठवड्याला साधारण 8 ची भर पडते. दहा टक्के पाणी काढलं म्हणजे आहे त्याच्या दहा टक्के नायट्रेट जातं. शिल्लक 80 असेल तर जातात 8, आणि आठवड्यात येतात 8. झालं! जमा आणि नावे सारखे. म्हणजे मी जन्मभर दर रविवारी ती बादली वाहिली असती तरी टाकी 80 वरच उभी राहिली असती. पाणी बदलल्याने नायट्रेट कमी होतं असं सगळे सांगतात, ते अर्धवट आहे. ते कुठे जाऊन स्थिरावेल हे भर किती पडते त्यावर ठरतं. आठवड्याची भर 2 असेल तर त्याच एका बादलीत टाकी 20 वर स्थिरावते. भर 2 आणि बादल्या दोन केल्या तर 10 वर.

मग भर येते कुठून? खाण्यातून. दुसरं येणार कुठून! माशांच्या खाण्यात साधारण 45 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन. एक ग्रॅम खाण्यातल्या सगळ्या नायट्रोजनचं नायट्रेट झालं तर ते सुमारे 320 मिलिग्रॅम होतं. 160 लिटरला भागा: एक ग्रॅम म्हणजे 2 पीपीएम. सगळंच होत नाही, काही माशाच्या अंगी लागतं, काही फेसावाटे निघून जातं, पण अंदाज यायला एवढं पुरे. डब्याचं वजन केलं. सात दिवसांत सात ग्रॅम खाणं संपत होतं. पाच छोट्या माशांना रोज एक ग्रॅम!

आणि हा भाग मला इथे सांगावा की नाही असं वाटत होतं, पण आमच्या सौ.ने परवानगी दिली आहे.

आमच्या सौ.चं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हे आपल्याला माहीत आहे. त्या वेळी आपल्या सोसायटीतून महिनाभर डबे आले, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर तिचं स्वयंपाकघरात उभं राहणं बंद झालं. जिने पन्नास वर्षं घरच्यांना, आल्या-गेल्याला, माझ्या बँकेतल्या लोकांना रांधून वाढलं, तिच्या हातात काही उरलं नाही. ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची. मासे तिला ओळखायला लागले होते. ती आली की काचेशी येऊन तोंडं हलवायचे, आणि ती चिमूटभर टाकायची. दिवसातून किती वेळा, कोण मोजणार! सकाळी नातू शाळेत जाताना टाकत होता. कामाला येणाऱ्या ताई काच पुसून झाली की थोडं टाकत. आणि रात्री मी टाकत होतो, कारण मला वाटायचं दिवसभर कोणी काही घातलंच नसेल. एका खात्यावर चार सह्या, आणि कोणाची नोंद कोणाला नाही.

मी काय केलं, तर डबा कुलपात ठेवला. सरळ अधिकाऱ्याच्या थाटात. सगळ्यांना सांगितलं, आजपासून फक्त मी घालणार, दिवसाआड.

त्या दिवसापासून ती टाकीसमोर बसेनाशी झाली. भांडली नाही, रागावली नाही. बसेनाशी झाली, एवढंच. खुर्ची गॅलरीत नेऊन बसायची. मी आकडे दाखवायला गेलो तर म्हणाली, "तुमचं बरोबरच असेल." बायको असं म्हणाली की आपलं काहीतरी चुकलेलं असतं, हे इथल्या पुरुष मंडळींना सांगायला नको.

तोडगा सूनबाईने काढला. आम्हा दोघांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी असते ना, सोमवार ते रविवार लिहिलेली? तसली एक नवी आणली. रविवारी मी माझ्या छोट्या काट्यावर तोलून प्रत्येक कप्प्यात पाव ग्रॅम खाणं भरतो. बुधवारचा कप्पा रिकामा, त्या दिवशी माशांना उपास. डबी सौ.च्या ताब्यात. घालायचं फक्त तिने, एकदाच घालायचं की चार वेळा चिमूट-चिमूट ते ती ठरवणार, पण कप्पा संपला की संपला. नातवाला घालायचं असेल तर आजीकडे मागायचं. तिची खुर्ची परत टाकीसमोर आली. बुधवारी मात्र मासे तोंड वेंगाडतात तेव्हा ती माझ्याकडे अशा नजरेने बघते की मीच उपाशी ठेवलं आहे त्यांना.

खाणं पाव केलं, भर 2 वर आली. मग बादल्या दोन केल्या. 80 वरून एकदम खाली आणायचं नाही, माशांना ती उडी सोसत नाही. दर रविवारी वीस टक्के: 66, मग 55, 46, 39, असं उतरत नवव्या रविवारी 20 च्या आत आलं. वहीतले आकडे हिशेबातल्या आकड्यांच्या एक-दोनाने इकडे-तिकडे होते. इतका आनंद मला आयुष्यात एकदाच झाला होता, शाखेचा वार्षिक ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला तेव्हा.

32 लिटर पाणी बदलायचं तर लिटरला 35 ग्रॅमप्रमाणे एक किलोहून थोडं जास्त सागरी मीठ लागतं. ते आदल्या दिवशी बादलीत विरघळवून ठेवायचं, स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. पण उन्हाळ्यात रोज जे पाणी वाफ होऊन उडतं त्याची भर नेहमी गोड्या पाण्याने करायची, कारण मीठ उडत नाही. इथे मी आणखी एकदा फसलो. पाणीकपातीच्या दिवसांत मी आपल्या बोअरचं पाणी घातलं. पुढे तपासलं तेव्हा त्यातच नायट्रेट 20 निघालं. दिवसाला दोन लिटर, आठवड्याला चौदा. त्यातून जवळपास पावणेदोनची भर, म्हणजे माशांच्या सगळ्या खाण्याइतकी! शहरातल्या जमिनीत सांडपाणी मुरतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात नायट्रेट निघणं नवलाचं नाही. आपण ते फ्लशला वापरतो ते ठीक, पण कपातीत कोणी ते पिण्याला वापरत असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल तर. टीडीएस मीटरवर नायट्रेट वेगळं दिसत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, ती टाकीच्या पाण्यासाठी बंद करावी.

बाकीची साधनं भराभर सांगतो. प्रोटीन स्किमर म्हणजे फेस काढायचं नळकांडं. समुद्रावर लाटांचा फेस पाहतो ना, तसा फेस करून तो पाण्यातली घाण वर उचलतो. तो नायट्रेट काढत नाही, नायट्रेट व्हायच्या आधीचा माल काढतो. त्याच्या कपाचा वास एकदा घेतलात तर पुन्हा घेणार नाही. फिल्टरचा स्पंज दोन-तीन दिवसांनी टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून काढावा, नाहीतर त्यात अडकलेलं सगळं तिथेच कुजतं. मासा दिसेनासा झाला तर दगडामागे शोधावा, मेलेला मासा ही फार मोठी जमा असते.

आणि साखर. जाणकार लोक पाण्यात थोडी साखर, व्हिनेगर, अगदी व्होडकासुद्धा थेंबांनी घालतात. कार्बन मिळाला की जिवाणू भराभर वाढतात आणि नायट्रेट खातात, मग ते जिवाणू स्किमरमधून निघून जातात. तत्त्व खरं आहे. मी घाईने अर्धा चमचा साखर एकदम घातली. पहाटे चारला उठलो तर पाणी ताकासारखं पांढरं आणि मासे वर येऊन धापा टाकताहेत. वाढलेल्या जिवाणूंनी प्राणवायू संपवला होता. लोडशेडिंगच्या काळातला बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात होता, घरातल्या पंपाच्या जोडीला तोही लावला, म्हणून वाचले. तेव्हापासून त्या वाटेला गेलो नाही.

मला मानवलं ते शेवाळ. टाकीमागे एक छोटा डबा जोडला आहे, त्यात दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं सागरी शेवाळ. त्याच्यावर दिवा रात्री लावायचा, टाकीचा दिवा बंद असताना. ते नायट्रेट खाऊन वाढतं. पंधरा दिवसांनी मेथीच्या जुडीएवढं काढून टाकायचं. काढून टाकायचं, हे महत्त्वाचं. तसंच ठेवलं आणि कुजलं तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात.

हे शेवाळ काढताना मला दर वेळी उल्हास नदी आठवते. कल्याणजवळ मोहन्याला, कांब्याला नदीवर जलपर्णी पसरते ती याच हिशेबाने. सांडपाण्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट येतं, जलपर्णी ते खाते आणि नदी हिरवी गच्च होते. मग ती काढायची मोहीम होते. काठावर ढीग टाकून तसाच ठेवला तर पावसात कुजून सगळं परत नदीत. आणि आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या नळाचं पाणी उचललं जातं ते याच नदीतून, मोहिलीला. तिथेही बादल्या वाढवून भागणार नाही, भर कमी करावी लागेल. आपल्या सोसायटीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं हे मी कमिटीला दोनदा लेखी विचारलं आहे. सेक्रेटरी साहेब हसताहेत, पण उत्तर अजून आलेलं नाही.

परवाच्या रविवारी टाकीचा आकडा 12 होता. ज्यांना बघायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला यावं, बाटली हलवायला मला तरुण हात लागतातच. मुलांना खायला घालायचं असेल तर वेळ संध्याकाळी सहाची, बुधवार सोडून. अर्ज माझ्याकडे करू नये. डबी आमच्या सौ.कडे असते.